बिझनेस जेटवरची पहिली ड्युटी: सुरक्षा साहित्य हात लावून ओळखा

बिझनेस जेटच्या केबिनमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं की डोळे आधी चामड्याच्या सीटांवर आणि चकचकीत लाकडी पॅनेलवर जातात. जीव वाचवणारं सामान त्या देखणेपणाच्या मागे दडलेलं असतं. अग्निशामक सिलिंडर कोटांच्या कपाटात, लाइफ व्हेस्ट सीटच्या कडेच्या खणात, तराफा सोफ्याखाली. एअरलाइनच्या विमानात या गोष्टींवर ठळक चिठ्ठ्या असतात. इथे चिठ्ठी असते, पण आतली सजावट करणाऱ्याने ती नियमात बसेल एवढीच लहान ठेवलेली असते.

दुसरी अडचण अशी की एकाच मॉडेलची दोन विमानं आतून सारखी नसतात. एका मालकाने पुढे सोफा बसवून घेतलेला असतो, दुसऱ्याने तिथे कपाट केलेलं असतं, आणि त्याबरोबर स्मोक हूडचीही (धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर चढवायच्या टोपाचीही) जागा बदललेली असते. म्हणून 'मी या टाइपवर काम केलंय' या वाक्याला फारसा अर्थ नाही. ज्या नोंदणी क्रमांकाच्या विमानात आज बसणार आहात, त्या विमानातली प्रत्येक वस्तू उड्डाणाआधी हाताला लागली पाहिजे. यादीवर बरोबरची खूण करणं हे नुसतं लिखापढीचं काम झालं.

हे लिहितोय ते नव्याने रुजू होणाऱ्या केबिन अटेंडंटसाठी आणि कॉकपिटच्या उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून, नव्याने बसणाऱ्यांसाठी. १९ पर्यंत प्रवासी आसनं असलेल्या विमानात केबिन क्रू ठेवणं बहुतेक ठिकाणच्या नियमांनुसार सक्तीचं नसतं. त्यामुळे या क्षेत्रात एक विचित्र पद जन्माला आलंय. गणवेश क्रूसारखा, पण शिकवण फक्त वाढण्या-आवरण्याची. २ फेब्रुवारी २००५ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळावर एक चॅलेंजर ६०० जेट उड्डाणाच्या धावेत धावपट्टीबाहेर गेलं, महामार्ग ओलांडला आणि एका इमारतीवर आदळलं. सगळे वाचले. पण तपासात राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवलं की केबिनमधल्या मदतनीस बाईंना सोपवलेल्या कामांचं पुरेसं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं, आणि त्या कामांत आणीबाणीत मुख्य दार उघडणंही होतं. तुमच्या नियुक्तीपत्रात काहीही लिहिलेलं असो, प्रवासी तुम्हाला क्रूच समजणार. धूर झाला की तुमच्याकडेच बघणार.

दारापासून सुरुवात करा

प्रवासी यायच्या निदान तासभर आधी विमानात जा. सामान-जेवण चढायच्या आधी. एकदा बॅगा आत आल्या की अर्धी कपाटं उघडतच नाहीत.

मुख्य दार स्वतः उघडा आणि स्वतः बंद करा, देखरेखीखाली, एकदा नाही तर चार-पाचदा. हँडल कुठपर्यंत फिरतं, शेवटी कुठे 'खट्' होतं, दार बंद झाल्याची खूण कुठे दिसते, हे हाताला कळलं पाहिजे. मग डोळे मिटून हँडल शोधा. हसू येईल, पण धुरात डोळे असून नसल्यासारखेच असतात.

आता पंखावरचा आपत्कालीन दरवाजा. हँडल बहुतेक वेळा एका छोट्या झाकणाखाली असतं. आणि इथेच माझी सगळ्यात आवडती, म्हणजे सगळ्यात जास्त धसका घेतलेली वस्तू भेटते: कुलूप-पिन. विमान रात्री उभं असताना बाहेरून कोणी दरवाजा उघडू नये म्हणून कित्येक जेटमध्ये या दरवाज्याच्या हँडलमध्ये एक धातूची पिन अडकवतात. तिला लाल फीत असते, उड्डाणाआधी काढायची. पिन तशीच राहिली तर आतून कितीही जोर लावा, दरवाजा हलणार नाही. फीत लाल असली तरी ती पडद्यामागे सरकते, किंवा कोणीतरी 'बरी दिसत नाही' म्हणून आत खोचून ठेवतं. माझ्या पहिल्याच महिन्यात मी ती अशी खोचलेली पाहिली, तेव्हा प्रवासी गाडीतून उतरत होते. त्या दिवसापासून मी पिन काढली की हातात धरून कॉकपिटमध्ये नेतो आणि कॅप्टनला दाखवून तिच्या ठरलेल्या जागी ठेवतो. 'काढली' असं तोंडी सांगत नाही.

हा दरवाजा काही विमानांत पूर्ण सुटून हातात येतो. तो चांगलाच जड असतो आणि बाहेर टाकून द्यायचा असतो. काहींत तो बिजागरीवर वर जातो. तुमच्या विमानात कोणता प्रकार आहे हे माहिती-कार्डावर पाहून ठेवा, आणि कार्ड त्याच विमानाचं आहे ना हेही बघा. सजावट बदलून आलेल्या विमानात जुनंच कार्ड राहिलेलं मी पाहिलंय. त्यावरचा बाण सरळ फ्रिजकडे जात होता.

फुगणारी घसरगुंडी मात्र शोधू नका. बहुतेक बिझनेस जेटची दारं जमिनीपासून इतकी खाली असतात की तिची गरजच पडत नाही. मोठ्या प्रवासी विमानाचं रूपांतर करून केलेलं जेट असेल तर गोष्ट वेगळी.

ऑक्सिजन: इथे घाई करू नका

बिझनेस जेट एअरलाइनच्या विमानांपेक्षा वर उडतात. ४१,००० ते ४५,००० फूट हे रोजचं, काही जेट ५१,००० फुटांपर्यंत जाऊ शकतात. वर रहदारी कमी, वारा-पावसाचा त्रास कमी. पण केबिनचा दाब गेला तर हाताशी उरणारा वेळही कमी. ज्याला 'उपयोगी शुद्धीचा काळ' म्हणतात, म्हणजे माणूस स्वतःसाठी काही करू शकेल असा वेळ, तो २५,००० फुटांवर साधारण ३ ते ५ मिनिटं असतो. ३५,००० फुटांवर अर्धं ते एक मिनिट. ४५,००० फुटांवर ९ ते १५ सेकंद. दाब एकदम गेला तर तोही निम्म्यावर येतो. एवढ्या वेळात चहाचा कप खाली ठेवून होत नाही.

आणि त्रास असा की जीव गुदमरत नाही. उलट छान वाटायला लागतं. हलकं, निवांत. नखं निळसर पडतात, सोपी बेरीज चुकते आणि त्याची फिकीरही वाटत नाही. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी गोल्फपटू पेन स्टुअर्ट ज्या लिअरजेट ३५ मध्ये होते, ते ऑरलँडोहून डॅलसला निघालं होतं. वाटेत संपर्क तुटला. जवळ गेलेल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना जेटच्या खिडक्या आतून गोठलेल्या दिसल्या. विमान तसंच उडत राहिलं, इंधन संपलं आणि साउथ डकोटात कोसळलं. सहाही जण गेले. दाब का गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही. दाब गेल्यावर वैमानिकांना ऑक्सिजन मिळाला नाही, एवढं तपासात निघालं.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा बाटलीचा दाब. गेज कॉकपिटमध्ये असतं, काही विमानांत भरण्याच्या तोंडापाशीही असतं. पूर्ण भरलेल्या बाटलीचा आकडा बहुतेक विमानांत १,८०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास असतो. पण आजच्या उड्डाणाला, आजच्या प्रवासीसंख्येला किती दाब लागेल, ते विमानाच्या पुस्तकातल्या तक्त्यावरून काढायचं. विमानाच्या बाहेरच्या अंगावर एक छोटी हिरवी चकती असते. ती जागेवर नसेल तर बाटलीतला दाब जास्त होऊन ऑक्सिजन बाहेर गेलाय असं समजा आणि लगेच सांगा.

मग वैमानिकांचे मास्क. ते एका हाताने, ५ सेकंदांत चढले पाहिजेत, त्यासाठीच त्यांची रचना असते. खोक्यातून ओढताना दोन्ही लाल कळा दाबल्या की पट्टे फुगतात, डोक्यावरून घेऊन सोडल्या की आवळतात. उजव्या सीटवर नवे असाल तर घड्याळ लावून करा. चष्मा आणि हेडसेट घालूनच करा, कारण वर तुम्ही ते घातलेलेच असणार. मास्कची कळ १०० टक्क्यांवर, म्हणजे निव्वळ ऑक्सिजनवर, आहे का हे बघा, मास्कमधला माइक चालतो का तेही तपासा. दाढी वाढवली असेल तर मास्क नीट बसत नाही, हे कोणी तोंडावर सांगत नाही म्हणून इथे सांगतो.

केबिनमधले मास्क केबिनची उंची, म्हणजे आतला हवेचा दाब ज्या उंचीवरच्या दाबाइतका असतो ती उंची, साधारण १४,००० फुटांच्या आसपास गेली की आपोआप पडतात. न पडल्यास कॉकपिटमधल्या कळीने पाडता येतात. ही कळ 'फक्त क्रू' अशा जागेवर राहून गेली असेल तर केबिनला ऑक्सिजन मिळणारच नाही. ती कुठे आहे हे वैमानिकाला विचारा आणि दाखवून घ्या. अशा प्रश्नाने कोणी रागावत नाही. रागावलाच तर तो प्रश्न पुन्हा विचारा.

मास्क पडला म्हणजे ऑक्सिजन सुरू झाला असं नाही. दोरी ओढायची, तिने पिन निघते आणि मग प्रवाह सुरू होतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, हे प्रवाशांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून लोक मास्क काढून टाकतात. टॉयलेटमध्येही मास्क असतो, त्याचं झाकण तिथल्या कपाटाने अडवलेलं नाही ना ते बघा. आणि स्वतःसाठी एक साधा नियम: दाब गेला की तुम्ही कुठेही उभे असा, सगळ्यात जवळचा मास्क तुमचा. आधी स्वतःला लावा, बसा, काहीतरी घट्ट धरा. मग बाकीचे.

ऑक्सिजनच्या जोडणीला हात लावताना हाताला तेल, क्रीम किंवा ओठांना लावायचं स्निग्ध मलम नको. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घ्यायला फार काही लागत नाही.

आग आणि धूर

हातातले अग्निशामक सिलिंडर बहुधा हॅलॉन १२११ या आग विझवणाऱ्या वायूचे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हॅलॉनचं उत्पादन बंद होत गेलं, म्हणून नव्या विमानांत पर्यायी वायूचे सिलिंडर दिसू लागलेत. वापरायची पद्धत तीच. तपासताना काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि तिच्यावरचं बारीक सील शाबूत आहे का, तारीख उलटली नाही ना, हे बघा. मग सिलिंडर पकडीतून एकदा काढून परत बसवा. पकड गंजून घट्ट झालेली असते, हे आग लागल्यावर कळून उपयोग नाही.

लहान सिलिंडर जेमतेम आठ-दहा सेकंद चालतो. उभा धरा, साधारण दोन मीटरवरून ज्वाळांच्या मुळाशी मारा, कडेकडेने झाडू मारल्यासारखा. जवळ जाऊन मारलात तर जळतं द्रव्य उडून पसरेल.

आजच्या केबिनमध्ये खरी भीती फोन, लॅपटॉप आणि पॉवर बँकची. लिथियम बॅटरी पेटली की हॅलॉनने ज्वाळा विझतात, पण आतली उष्णता तशीच राहते आणि शेजारचा सेल पेटतो. म्हणून ज्वाळा विझल्या की लगेच पाणी ओता, भरपूर. पाणी संपलं तर दारू नसलेलं कुठलंही पेय चालेल. बर्फ ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. पेटत असताना वस्तू उचलून नेऊ नका. थंड झाल्यावर ती विमानातल्या आगरोधक पिशवीत टाका, हातमोजे घालून.

बिझनेस जेटमध्ये यातला एक खास प्रकार घडतो. इथल्या सीट पुढे-मागे, कडेला सरकतात, फिरतात, आडव्या होतात. फोन फटीत पडतो आणि प्रवासी तो काढायला सीट सरकवतो. सीटखालच्या धातूच्या रुळात फोन चिरडला जातो आणि तिथेच धूर निघायला लागतो, जिथे ना हात पोचतो ना पाणी. त्यामुळे 'फोन पडला तर सीट हलवू नका, मला हाक मारा' हे वाक्य मी ब्रीफिंगमध्ये, म्हणजे प्रवाशांना उड्डाणाआधी सूचना देताना, कधीच वगळत नाही. फोन हरवल्याची हाक आली की प्रवाशाला आधी उठवायचं, मग टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसायचं.

स्मोक हूड ही नव्या माणसाला सगळ्यात अनोळखी वस्तू. हवाबंद पाकिटात असतो, साधारण १५ मिनिटं श्वास पुरवतो. तपासताना पाकीट उघडायचं नाही. सील आणि ओलावा दाखवणारी खूण बघायची. पण प्रशिक्षणाचा हूड मिळवून एकदा तरी घाला. आत गरम होतं, स्वतःचा श्वास कानात घुमतो, बाहेरचं बोलणं तुटक ऐकू येतं आणि वाटतं की हे काढून टाकावं. हे वाटणं पहिल्यांदा प्रशिक्षणाच्या खोलीत यायला हवं. मानेभोवतीच्या रबरात केस अडकले तर धूर आत शिरतो, म्हणून लांब केस आत कोंबायला शिका.

कुऱ्हाड कॉकपिटमध्ये असते. पॅनेलमागे आग असेल तर तिने पॅनेल उचकटायचं. कुठलं पॅनेल गरम आहे हे हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं. गॅलीतलं (विमानातल्या स्वयंपाकघरातलं) काही धुमसत असेल तर आधी त्याची वीज तोडा, म्हणजे कोणतं सर्किट ब्रेकर कशाचं हे आधीच माहीत हवं.

पाण्यावर उतरावं लागलं तर

लाइफ व्हेस्ट मोजायचे नाहीत, प्रत्येक खणात हात घालायचा. एका विमानाच्या सीट नव्याने मढवून आल्या होत्या. यादीत सगळे व्हेस्ट बरोबर. दोन खणांत हात घातला तर आत फक्त स्पंज. व्हेस्ट एका पेटीत गुंडाळून मागच्या सामानाच्या कप्प्यात पडले होते, कोणीतरी काम करताना काढून ठेवलेले.

लहान मूल येणार असेल तर त्याचा वेगळा व्हेस्ट आहे का ते आधी बघा. आणि फुगवायचा तो विमानाबाहेर पाय टाकताना. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग ७६७ कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलं, तेव्हा अनेकांनी आतच व्हेस्ट फुगवले होते. पाणी भरलं, ते लोक छताला चिकटले आणि दाराकडे बुडी मारून जाता आलं नाही.

तराफा कुठे आहे ते शोधा आणि एकदा उचलून पाहा. एकट्याला जमत नसेल तर कोणत्या प्रवाशाला हाताशी घ्यायचं ते ठरवा. तराफ्यावर गोल्फच्या पिशव्या रचू देऊ नका. बाहेर फेकण्याआधी तराफ्याची दोरी विमानातल्या ठरलेल्या कडीला बांधायची, मग फेकायचा, मग हिसका द्यायचा. न बांधता फेकला तर वारा तो तुमच्याआधी घेऊन जाईल. ती कडी कुठे आहे हे मी विचारलं तर विमान ओळखतो म्हणणारेही पुष्कळदा छताकडे बघतात. पाण्यावर मुख्य दार उघडायचं की नाही हेही विमानागणिक वेगळं असतं. काहींत दाराचा उंबरठा पाण्याखाली जातो, तिथे पंखावरचा दरवाजाच वापरायचा.

बाकीच्या गोष्टी, भराभर

आपत्कालीन दिव्यांची कळ कॉकपिटमध्ये 'सज्ज' जागेवर हवी. हे दिवे निदान १० मिनिटं पुरतील असे बनवलेले असतात. जमिनीवरच्या चमकणाऱ्या पट्ट्या असतील तर त्यांना आधी उजेड पाजावा लागतो. रात्रभर अंधाऱ्या हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानात केबिनचे दिवे थोडा वेळ पूर्ण लावून ठेवा.

शोध-बचावासाठी इशारा पाठवणारा ट्रान्समीटर, ईएलटी, शेपटाकडे असतो. तो ४०६ मेगाहर्ट्झवर बोलतो. जुन्या १२१.५ ची उपग्रहांवरून होणारी टेहळणी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाली. ४०६ च्या इशाऱ्यात विमानाचा संकेतांक असतो आणि त्या नोंदीत मालकाचा फोन. बिझनेस जेट वरचेवर विकली जातात, नोंद मात्र जुन्याच मालकाच्या नावावर राहते. हे तपासायचं काम तुमचं नाही, पण विचारायला काय जातं?

प्रथमोपचार पेटीचं सील आणि औषधांच्या तारखा बघा. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असेल तर त्याचा तयारीचा दिवा आणि पॅडची तारीख. टॉर्च पेटवून बघा.

प्रवासी चढल्यावर

मालक म्हणेल, 'मी या विमानात शंभरदा बसलोय.' हसून म्हणा, 'हो सर, दोनच मिनिटं, बरोबरचे पाहुणे नवे आहेत.' हे बहुधा खरंच असतं आणि त्यांनाही राग येत नाही. पट्टा, दारं, ऑक्सिजन, व्हेस्ट, अग्निशामक, धूम्रपान बंदी आणि फोनचं ते वाक्य. पंखाच्या दरवाज्याशेजारी बसलेल्याला त्याच्या हाताने झाकणाची जागा दाखवायला सांगा. हँडल ओढू देऊ नका, नुसतं बोट ठेवायला लावा.

मग उड्डाणासाठी केबिन तयार करा. सीट तिच्या ठरलेल्या जागेवर, पाठ सरळ, फिरण्याचं कुलूप लागलेलं. टेबलं आत. केबिन आणि टॉयलेटच्या मधलं सरकतं दार उघडं आणि खिट्टीने अडकवलेलं. हे दार नवे लोक हमखास विसरतात. धडकेत ते अडकलं तर मागचे लोक मागेच राहतील. मागे तोंड करून बसलेल्याची आदळण्याआधीची बैठक वेगळी: डोकं मागच्या उशीला टेकवायचं, पुढे वाकायचं नाही.

एखादी वस्तू सापडली नाही किंवा तारीख उलटलेली निघाली तर ती उधार आणायला किंवा लपवायला जाऊ नका. कॅप्टनला सांगा आणि तांत्रिक नोंदवहीत लिहिलं जाईल हे बघा. त्या वस्तूशिवाय जाता येतं की नाही हे विमानाच्या मान्य यादीत लिहिलेलं असतं.

परतल्यावर, प्रवासी उतरून गाड्या निघून गेल्यावर, पंखाच्या दरवाज्याची पिन परत लावायची. फीत बाहेर लोंबती ठेवायची, कुणाला कितीही वाईट दिसली तरी.